सशिणीचा कोपरा

सशिणीनं पेरूच्या फोडीकडं पाहिलंही नाही. दुर्गानं कोवळी मेथी पुढं केली, मग गाजराचा पाला. एरवी हातातून ओढून खाणारी ती आज खोक्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. छातीवरचे केस गेले होते. गुलाबी कातडी दिसत होती.

"खरूज आहे ती," मागून सासूबाई, यशोदाबाई, म्हणाल्या. "दिवस भरत आलेल्या बाईजवळ नको. आपला धाकटा वेणीमाधव शाळेतून आला की तळ्यापलीकडं सोडून यायला सांग."

यशोदाबाईंच्या मनातली भीती दुर्गाला ठाऊक होती. दोनदा या घरात बाळासाठी दुपटी शिवली गेली आणि दोन्ही वेळा बाळ राहिलं नाही. या खेपेला त्यांनी निक्षून सांगितलं होतं, मूल हाती येईपर्यंत त्याच्यासाठी एक चिंधीसुद्धा काढायची नाही. तीन आठवड्यांपूर्वी सोलापुरातून बदली होऊन जाताना शेजारच्या ओव्हरसियरनं आपल्या सशांतली ही एक दिली होती. तिला रोज ताजी भाजी चारताना दुर्गाला तेवढाच धीर यायचा.

निदान खोका झाडून द्यावा म्हणून ती वाकली. सशिणीच्या मागं गवतावर पांढऱ्या केसांचा गोळा होता. तो हलत होता.

तिनं बोटानं केस बाजूला सारले. आत अंगठ्याएवढी पिलं होती. उघडीवाघडी, डोळे मिटलेली, एकमेकांना बिलगलेली. बोटाला ऊब लागली.

"आई, जरा इकडं या."

यशोदाबाई आल्या, गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या. त्यांच्या देखत सशिणीनं मान खाली घातली, छातीवरचा आणखी एक पुंजका दातांनी उपटला आणि पिलांवर पांघरला.

"स्वतःचेच उपटतेय गं ही," यशोदाबाई अगदी हळू म्हणाल्या.

त्यांनी मेथीची काडी उचलून पुढं धरली. सशिणीनं ती हुंगली आणि भराभर खाल्ली. जुडी संपेपर्यंत त्या एकेक काडी देत राहिल्या. मग उठून माजघरात गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं.

दुर्गा दाराशी गेली. सासूबाईंनी धुऊन धुऊन मऊ झालेलं आपलं लुगडं मांडीवर घेतलं होतं आणि त्याचे चौकोन फाडत होत्या.

"सुई ओवून दे," मान वर न करता त्या म्हणाल्या. "बाळाची दुपटी आजच व्हायला हवीत."