मिरचीची रोपं

"आय, उद्या सहाला येतो. माझ्याशिवाय मिरची लावू नकोस हां!"

शौनक फोनवर बोलत होता. स्वयंपाकघरात मंदाकिनीचा हात थांबला. ही 'आय' म्हणजे ती नव्हती. कोलशेतची रंगूबाई होती.

शौनक हवामान बदलाच्या मोर्च्यांत फलक धरायचा, तोवर मंदाकिनीला चालत होतं. शेजारणींना कौतुकाने सांगता यायचं. मग एक दिवस तो म्हणाला, "नुसतं ओरडून काय होणार, आई? आपली भाजी कुठून कुठून ट्रकने येते. इथेच पिकवायला हवी." तेव्हापासून तो खाडीकडच्या त्या म्हातारीच्या जमिनीवर राबत होता. घरी आला की आय असं म्हणते, आय तसं म्हणते. परवा आईने केलेली माठाची भाजी खाऊन म्हणाला, "आयच्या हातची वेगळीच लागते." मंदाकिनीला पुढचा घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिने रिक्षा केली आणि थेट कोलशेत गाठलं. माझ्या मुलाचा नाद सोड, असं त्या बाईला तोंडावर सांगायचं होतं.

रंगूबाई बांधावर बसली होती. शौनक वाफ्यात वाकून मिरचीची रोपं लावत होता. "आई, तू इथे?" त्याने मान वर करून विचारलं आणि पुन्हा रोपांकडे वळला.

"बस गो बाय," रंगूबाई हसत म्हणाली. "तुजा पोर लय घाई करतं. सांगून सांगून दमले मी."

मंदाकिनी बसली नाही. शौनक रोप खड्ड्यात कोंबत होता, मुळं दुमडत होती. आपला मुलगा चुकतोय आणि ही बाई हसतेय, हे तिला सोसेना.

"अरे, मुळं मोडतोयस! सरक!"

तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि वाफ्यात उतरली. बोटाने खळगा केला. रोप आत सोडून जरासं वर ओढलं, मुळं सरळ झाली. अंगठ्यांनी माती दाबली. मग दुसरं. तिसरं. बघता बघता रांग झाली, दोरी धरल्यासारखी सरळ.

रंगूबाई उठून जवळ आली. "हा हात शाळंत नाय शिकलेला," ती हळूच म्हणाली.

शौनक आईकडे बघतच राहिला. "आई, तू तर रत्नागिरी शहरातली ना? आजोबा कचेरीत होते म्हणालेलीस."

मंदाकिनीने पुढचं रोप उचललं.

"कचेरीत नव्हते रे," ती म्हणाली. "लोकांच्या शेतावर मजूर होते. आणि मी त्यांच्याबरोबर जायचे."