चकलीची नखं

"अहो, नीट धरा की!" वैष्णवी ओरडली.

"धरलंय की! हीच सरकायली," हरिओम म्हणाला. टॉवेलात गुंडाळलेली चकली त्याच्या मांडीवर होती. टॉवेलाबाहेर तिचं नाक आणि एक पाय, एवढंच. मारकी म्हैस दूध देईना झाली की अख्खं वालूर गाव हरिओमला हाक मारतं, आणि आज तोच गडी वीतभर गिनीपिगसमोर घामाघूम झाला होता. "हाडं लय बारीक हायेत गं हिची. हात आवळायचं भ्या वाटायलंय."

"दाबू नका, नुसता पोटाखाली हात घाला. आई यायच्या आत उरकायचंय."

आई म्हणजे बायनाबाई, वैष्णवीची सासू. ती मारुतीला तेल घालायला गेली होती. तेल घालायला असा कितीसा वेळ लागतो? पण देवळाच्या ओट्यावर बसून गावभरच्या बातम्या ऐकल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. तेवढीच काय ती या दोघांना सवड.

दिवाळीनंतर लग्न होऊन वैष्णवी मानवतहून आली, ती कपाटाबरोबर एक पिंजराही घेऊन. त्यात दोघी बहिणी. अंगभर ठिपके असलेली बुंदी, आणि केसांचे गोल गोल भोवरे असलेली चकली. उंबऱ्यावर सुनेला ओवाळताना बायनाबाईचं ताट पिंजऱ्यापाशी थबकलं होतं. "अगं बाई! माहेराहून उंदरं आणलीस का काय?" तेव्हापासून या घरात त्या उंदरंच. वैष्णवी वाद घालायची नाही. नव्या घरात तिला अजून कुणाशी मोकळं बोलता येत नव्हतं. पोटातलं सगळं ती या दोघींपाशीच बोलायची. चकली तर जन्मली तेव्हा इतकी मरतुकडी होती, की वैष्णवीनं तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं.

आणि काल घोटाळा झाला. चकलीच्या वाकड्या नखात बायनाबाईच्या नव्या साडीचा दोरा अडकला आणि पदरावर ही लांब रेघ उमटली. पिंजऱ्यातलं जनावर पदरापर्यंत पोचलंच कसं, हे विचारायची घरात कुणाची टाप नव्हती.

"उद्या तुझा भाऊ येणार हाय ना?" बायनाबाई कडाडली होती. "दे त्याच्यासंगं पाठवून. असली नखाची उंदरं मला घरात नकोत."

वैष्णवी उशीत तोंड खुपसून रडली. सकाळी उठली ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. नखंच काढून टाकली तर तक्रार कशाची राहील? आजच, भाऊ यायच्या आत, सासूला गुळगुळीत पंजे दाखवायचे आणि पाया पडायचं.

बुंदीनं काही त्रास दिला नाही. कोथिंबिरीची काडी चघळत गुमान बसली. चकलीचं मात्र अवघड होतं. तिची नखं काळी, आतली रक्ताची शीर दिसेना.

"मोबाईलचा टॉर्च नखाच्या मागून धरा," वैष्णवी म्हणाली. "आत लाल दिसतं ना, तिथवर जायचं न्हाई. नुसतं टोक."

कट्. एक झालं. कट्. दुसरं झालं. वैष्णवीला जरा धीर आला. तेवढ्यात चकलीची कोथिंबीर संपली. तिनं "कुईऽऽ" करून असा हिसका दिला की टॉर्च एकीकडे, नेलकटर भलतीकडे. नखाच्या टोकाला रक्ताचा थेंब आला.

"अगं माय!" हरिओम पांढराफटक पडला.

"बघत काय बसलात? हळद आणा!"

तो धावत स्वयंपाकघरात गेला आणि चमचा भरून घेऊन आला.

"अहो, हे तिखट हाय! मारता का तिला?"

तो पुन्हा धावला. वैष्णवीनं चिमूटभर हळद नखावर दाबून धरली. रक्त थांबलं. तिनं सुस्कारा सोडून वर पाहिलं, तर दारात बायनाबाई उभी. हातात तेलाची रिकामी वाटी.

तिनं टॉवेल पाहिला, पिवळा पंजा पाहिला, खाली पडलेलं नेलकटर पाहिलं. आता संपलंच सगळं.

"आई, आता न्हाई ओरबाडणार त्या," ती घाईघाईनं बोलू लागली. "बुंदीची काढून झाली. हिची थोडीच राहिली. परत तुमच्या अंगाला नख लागलं तर मी स्वतः नेऊन सोडते मानवतला. पण ठेवू द्या ना, आई. मला करमायचं न्हाई हो त्यांच्याबिगर."

"ते राहू दे." बायनाबाईनं वाटी खाली ठेवली. "आज वार कोणता हाय?"

"शनवार," हरिओम म्हणाला.

"आन् शनवारी नखं काढायलाव? लाज न्हाई वाटत?" तिनं नेलकटर उचललं आणि कमरेला खोचून टाकलं.

आता मात्र हरिओमला चेव आला. बायकोच्या डोळ्यातलं पाणी त्याला बघवत नव्हतं. "आई, मागच्या शनवारी शेळी कुणी धरली होती? तूच ना? मी खूर तासले, तू धरून बसली. तवा कुठं गेलता तुझा शनवार? जनावराला कसला आलाय वार!"

बायनाबाई त्याच्याजवळ आली आणि त्याच्या मांडीवरचा टॉवेल चकलीसकट उचलून घेतला.

"शेळीचं सोड, ती जनावर हाय," ती म्हणाली. "लेकरांची नखं शनवारी काढतेत का रे कुठं?"