बोटभर सैल

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उघडला तसा थोरल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि धाकट्याने त्याचा हात धरला. दोघांच्याही वयाला ते शोभत नव्हतं, पण बघायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.

थोरला टोप्या शिवायचा. डोक्यावर थेट वडिलांसारखी टेंगळं. घरात ती खानदानाची खूण मानली जाई आणि टेंगळांना रुतू नये म्हणून घरच्यांच्या टोपीचं माप बोटभर सैल धरायची रीत होती. धाकट्याचं डोकं मात्र गुळगुळीत. "तुला काय, बाजारातलीही बसते. तू आमच्यातला नाहीसच," हे थोरला त्याला लहानपणापासून ऐकवत आलेला. एरवी कुणाला साधी सुईही फुकट न देणाऱ्या थोरल्याने उभ्या आयुष्यात फुकट दिलं ते हे टोमणेच. धाकटा हसण्यावारी न्यायचा, आणि रोज सकाळी आरशासमोर गुपचूप टाळू चाचपायचा.

गेल्या महिन्यात एका टेंगळातून रक्त आलं, तेव्हापासून ही थट्टा बंद होती.

"गाठ साधी आहे. कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या.

थोरल्याने असा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला.

"घामाच्या ग्रंथींच्या गाठी या. 'वाढ पुरे झाली' असं पेशींना बजावणारं एक जनुक असतं. तुमचं ते जन्मापासूनच बिघडलेलं आहे. वडिलांकडून आलेलं."

"आमच्या घरात 'पुरे' म्हणणारं कुणी नाहीच," थोरला म्हणाला. "जेवायला बसल्यावर बघा एकदा."

बाई हसल्या. "कॅन्सरच्या गाठीत याच्या जोडीला आणखी जनुकं बिघडलेली सापडतात. तुमच्या गाठीत तसं काही नाही. रक्त आलं ते घासून. टोपी घट्ट घालता का?"

थोरला खिडकीबाहेर बघू लागला. "भाचीच्या लग्नात... जरा रुबाब दिसावा म्हणून... बाजारातली घेतली होती."

"बाजारातली?" धाकट्याने त्याचा हातच सोडला. "दादा, तू?"

"आता तुमचं," बाई धाकट्याकडे वळल्या. त्याचंही रक्त तपासलं होतं. "तोच बिघाड तुमच्यातही आहे. गाठी उशिरा येतील, कदाचित येणारही नाहीत. पण दर वर्षी दाखवायला यायचं." त्यांनी सवयीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

धाकटा ताडकन उभा राहिला. "ऐकलंस दादा? तोच! तुझ्यात आहे तोच!"

"अहो, यात आनंदासारखं काही नाही."

"तुम्हाला थोरला भाऊ नसेल, डॉक्टर," धाकटा म्हणाला आणि पाणी गटागट पिऊन टाकलं.

बाहेर आल्यावर थोरल्याने त्याला बाकावर बसवलं आणि खिशातून मापाची टेप काढली. रांगेतली माणसं माना वर करून बघू लागली. त्याने टेप त्या गुळगुळीत डोक्याभोवती फिरवली, जुळवली आणि तिच्याखाली आपलं बोट सरकवलं.

"अरे, टोपी डोळ्यांवर येईल ना!"

"येऊ दे," थोरला म्हणाला. "हलू नकोस."