कन्हानचा गाळ

दीप्ती उपग्रहाच्या चित्रांवरून समुद्रात तरंगणारा गाळ मोजते, हे आईचं मनीषनगरभर सांगून झालं होतं; पण ते काम बघायला ती आज पहिल्यांदाच लेकीच्या लॅपटॉपपाशी बसली. पडद्यावर गोदावरीच्या मुखाशी निळ्या पाण्यात गाळाचा तपकिरी पट्टा पसरला होता. “आपल्या कन्हानचं पाणी इथंच येते न वं?” “हो, वैनगंगेतून, मग गोदावरीतून.” “मंग नागसेन पोचला असन.” तापानं गेलेल्या धाकट्याची राख आईनं गेल्या वर्षी स्वतःच्या हातानं कन्हानमध्ये सोडली होती. आपल्याकडचा गाळ वाटेतल्या धरणांतच बसतो, समुद्रापर्यंत जवळजवळ जातच नाही, असं दीप्तीनंच कालच्या अहवालात लिहिलं होतं. “पोचला, आई,” ती म्हणाली. आईनं कपाळावर ठेवावा तसा तळहात त्या पट्ट्यावर ठेवला. सकाळपासून चालू असलेला पडदा चांगलाच तापला होता. “अजून ताप उतरला नाई वं लेकराचा.”