तीनचं बटण

सकाळचे नऊ वाजले की अजूनही माझे कान फोनकडे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरातल्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या घरी सरकारी खर्चाने जाणाऱ्या सेविकांवर माझी देखरेख असते. सेविकेने त्या घरच्याच फोनवरून आमचा नंबर लावायचा आणि काही न बोलता झालेल्या कामांची नुसती बटणं दाबायची: एक म्हणजे आंघोळ, दोन म्हणजे न्याहारी, तीन म्हणजे गप्पा. एकट्या राहणाऱ्या पास्को आजोबांच्या घरून त्यांच्या सेविकेचा, लोसालीनचा फोन नऊच्या ठोक्याला यायचा. महिन्याभरापासून तिने तीनचं बटण दाबणं मात्र सोडलं होतं. “टोंगा बेटांवरची ती बडबडी बाई अखेर वळणावर आली!” मी कचेरीत कौतुकाने सांगायचे. गुरुवारी साडेनऊ झाले तरी फोन आला नाही. मीच तिला फोन करून झापलं, “कुठे उलथलीस गं?” ती रडायलाच लागली. “मॅडम, महिना झाला, मी तिकडे फिरकलेच नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. आजोबाच म्हणाले, ‘पोरी, तू घरचं बघ, फोनचं माझ्यावर सोड.’” मी तशीच गाडी काढली. दार नुसतं लोटलेलं होतं. आजोबा खुर्चीत बसल्याबसल्याच गेले होते. दाढी वाढलेली, सदरा मळून काळा झालेला, मांडीवर फोन. फोनच्या पाठीला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर लोसालीनच्या अक्षरात तीन ओळी होत्या: आंघोळ, न्याहारी, गप्पा. तिसरीवर काट मारून आजोबांनी वाकड्यातिकड्या अक्षरात शेजारी लिहिलं होतं, “एवढं खोटं बोलवत नाही.”