टाकीच्या तळाशी

राजश्रीचा हात कोपरापर्यंत डिझेलच्या टाकीत होता. बोटं तळाला लागली तेव्हा तिला वाटलं, आपण मेलेल्या जनावराच्या पोटात हात घातलाय. तिनं मूठ आवळली. निम्मा गोळा बोटांच्या फटीतून निसटला. उरलेला तिनं वर ओढून डब्यात टाकला. काळा, गिळगिळीत, खरवसासारखा थरथरणारा. नासक्या अंड्यांचा वास बोटीच्या केबिनभर झाला.

वर सुकाणूपाशी, उशांचा टेकू देऊन तिच्या नवऱ्याला, धर्मपालला बसवलं होतं. धरणावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यानं ही जुनी शिडाची बोट हौसेनं घेतली होती. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या बाजूला ती बांधलेली असायची. वारा पडला की काठाला यायला तिला एक लहानसं डिझेल इंजिन होतं. मागच्या वर्षी धर्मपालला झटका आला, डावी बाजू गेली, जीभ जड झाली. बोट अर्ध्या टाकीनिशी तशीच उभी राहिली. टाकीच्या रिकाम्या जागेत दव धरलं, ते पाणी तळाला बसलं, आणि पाणी न् डिझेलच्या मधे ही जंतूंची घाण वाढत गेली. आता इंजिन सुरू केलं की घाण फिल्टरमधे जाऊन अडकायची आणि ते आचके देऊन बंद पडायचं.

दुपारी बोट विकत घेणारा माळशिरसचा दिग्विजय ती न्यायला येणार होता. बंद बोट कुणाच्या गळ्यात मारायची नाही, हा धर्मपालचा हट्ट. करमाळ्याच्या मेकॅनिकनं टाकीत डोकावून नाक धरलं होतं, आणि उद्या येतो म्हणून जो गेला तो गेलाच. शेवटी राजश्रीनं पदर खोचला आणि आधी जुनं डिझेल उपसून काढलं.

बोट विकायला तसं कारणच घडलं होतं. धर्मपाल सोलापुरातल्या एका शुश्रूषा केंद्रात कायमचा राहायला जाणार होता. मुलाला, रत्नदीपला फोन करून त्यानं ते परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्यामागचं कारण राजश्रीला सांगण्यासारखं नव्हतं. सोलापुरातच, भवानी पेठेतल्या घरात ती रोज सकाळी त्याचा डायपर बदलायची, अंग पुसायची आणि हसून म्हणायची, त्यात काय एवढं. तिच्या कपाळावर त्यानं कधी आठी बघितली नाही. त्याचा वास त्याला स्वतःला सहन होत नव्हता, आणि ही बुद्धमूर्तीपुढं फुलं ठेवावीत तशा चेहऱ्यानं सगळं उरकायची. त्या हसण्याचीच त्याला शिसारी आली होती. आपण हिच्या लेखी नवरा उरलो नाही, पुण्य कमवायचं काम झालो, असं वाटून तो डोळे मिटून घ्यायचा.

वरून तो एकेक सांगत होता. कोपरे खरवडून घे. फडका पिळून परत फिरव. तळ कोरडा कर. ती हूं हूं करत होती. इतक्यात हातातला गोळा डब्याच्या काठावर आपटून फुटला आणि तिच्या ओठांवर उडाला. ती कशीबशी शिडी चढून वर आली आणि कठड्यावरून पाण्यात भडाभडा ओकली.

मग तोंड पुसता पुसता तिनं शिव्या घातल्या. बोटीला घातल्या, डिझेलला घातल्या, पळालेल्या मेकॅनिकच्या सात पिढ्यांना घातल्या. इतक्या वर्षांच्या संसारात धर्मपालनं तिच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. तो टक लावून बघत राहिला. ती कुणाकडेही न बघता पुन्हा खाली उतरली.

टाकी पुसून झाली. तिनं नवा फिल्टर बसवला, ताजं डिझेल ओतलं. नळीतली हवा काढायला स्क्रू सैल केला आणि पंपाची दांडी दाबत राहिली. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू आवळून तिनं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि धरलं ते धरलंच. बराच वेळ चालू ठेवून धर्मपालनं ते बंद करायला सांगितलं.

ती वर येऊन त्याच्यासमोर टेकली. केसांत, कानात, नखांत काळं. तिनं स्वतःचा हात हुंगला आणि तोंड वाकडं केलं.

"या घाणीनं तू ओकलीस," तो सावकाश म्हणाला. "मग माझं करताना?"

खोटं हसायला राजश्रीच्या अंगात जोरच उरला नव्हता.

"तवा बी ओकते," ती म्हणाली. "मोरीत जाऊन, नळ सोडून. तुमाला ऐकू जाऊ ने म्हणून."

"रोज?"

"रोज न्हाय. पण लई येळा."

"आन् मग?"

"मग काय. चूळ भरते आन् येते की परत."

धर्मपालचं अर्धंच तोंड हललं. तो हसतोय हे तिला जरा उशिरा कळलं.

दिग्विजय आला, इंजिन ऐकून खूष झाला आणि बोट घेऊन गेला. परतीच्या जीपमधे धर्मपालनं रत्नदीपला फोन लावायला सांगितलं आणि केंद्राला नाही म्हणून कळव, एवढंच बोलला. वाटेत गाडी थांबवावी लागली. बाभळीच्या आडोशाला, जीपच्या मागच्या बाकावर राजश्रीनं त्याचा डायपर बदलला. नाकाला पदर लावून, तोंड वाकडं करून, मधेच मान फिरवून श्वास घेत. आणि झटका आल्यापासून पहिल्यांदाच धर्मपालला डोळे मिटून घ्यावेसे वाटले नाहीत.