अकरा मिनिटांत उत्तर

भाचीने डावा हात टेबलावर ठेवला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यातच अडकलं.

"ऑपरेशननंतरही एवढंच," ती म्हणाली. "आता यापुढे सुधारणा नाही म्हणतात."

समोर बसलेले संपादक तिचे सख्खे मामा. बेस गिटार वाजवणाऱ्यांसाठी ते सव्वीस वर्षं एक मासिक काढत होते. भाचीच्या हातात पहिली बेस त्यांनीच दिली, तेव्हा ती त्या वाद्यापेक्षा जेमतेम वीतभर उंच होती. पुढे तिने नाव काढलं. गेल्या वर्षी एका मोठ्या वाद्यवृंदाने तिला निवडचाचणीला बोलावलं, तेव्हा मामा ऑफिसात ज्याला त्याला थांबवून सांगत होते.

त्याच सुमारास तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या, हे मात्र ती आज पहिल्यांदा बोलली.

मला का नाही विचारलंस, असं मामांनी म्हटल्यावर तिने मान खाली घातली. मामाने सक्तीची विश्रांती दिली असती आणि चाचणी हुकली असती. मासिकाच्या प्रश्नोत्तरांत टोपणनावाने लिहावं, तर उत्तर छापून येईपर्यंत दोन महिने जाणार. म्हणून तिने एका साइटवर विचारलं. तिथे बेस वाजवणारे एकमेकांना सल्ले द्यायचे. खरं नाव लागत नव्हतं. तिने तर वयही खोटं टाकलं होतं आणि पुरुष असल्याचं लिहिलं होतं.

"अकरा मिनिटांत उत्तर आलं, मामा."

"काय आलं?"

मुंग्या येणं हे हात तयार होत असल्याचं लक्षण आहे, असं एका जाणकाराने लिहिलं होतं. आता थांबलात तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. रोज चार तास वाजवा. बाकीचे तिथे काहीबाही खरडायचे. याची भाषा मात्र स्वच्छ होती, स्वल्पविरामासकट. त्यामुळे तिचा विश्वास बसला. पुढचे तीन महिने ती त्यालाच विचारत राहिली आणि तो दर वेळी धीर देत राहिला. शेवटी डॉक्टर म्हणाले, कोपराजवळची नस कायमची गेली, सुरुवातीलाच आला असतात तर पंधरा दिवसांच्या विश्रांतीवर भागलं असतं.

मामांनी ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता. तरी त्यांनी घोट घेतल्यासारखं केलं आणि तो खाली ठेवला.

"कुठल्या महिन्यात विचारलं होतंस?"

तिने सांगितलं.

मग मामांनी तिची गोष्ट छापायची परवानगी मागितली. मासिक शेवटच्या घटका मोजत होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळं फुकटात ऑनलाइन मिळत असताना अंक विकत घेणार कोण, असं म्हणून मालकाने सहा महिन्यांची मुदत दिली होती. भाची आधी नाहीच म्हणाली. आपल्या हाताचं प्रदर्शन मांडायला तिचं मन घेईना.

"तुझं जे व्हायचं ते झालं," मामा म्हणाले. "पण दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको."

ती तयार झाली.

मुखपृष्ठावर तो हात आला. लेख मामांनी स्वतः लिहिला. प्रुफं वाचताना त्यांनी दोनदा चष्मा काढून डोळे पुसले, ते पाहून मुद्रितशोधक हळूच बाहेर निघून गेले. अंक तीनदा पुन्हा छापावा लागला. संगीतशाळांनी एकगठ्ठा वर्गण्या भरल्या. छापील मजकुराखाली निदान जबाबदार माणसाचं नाव तरी असतं, अशी पत्रं आली. मालकाने मुदतीचा विषय सोडून दिला.

भाचीला मामांनी प्रश्नोत्तरांच्या कामावर घेतलं. ती उजव्या हाताने पाकिटं फोडायची आणि दुखण्याची तक्रार असलेली पत्रं वेगळी काढून आधी डॉक्टरांकडे पाठवायची. महिन्याभरात ती हसायला लागली. एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हात गेला, पण मामा होता म्हणून मी उभी राहिले." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चौथ्या महिन्यात खप पुन्हा घसरला. मालकाने बोलावून घेतलं आणि मुखपृष्ठाला तशीच आणखी एखादी गोष्ट मिळते का पाहा, म्हणून सांगितलं.

"मिळेल," मामा म्हणाले.

जागेवर येऊन त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि ती साइट उघडली. गेली दीड वर्षं ज्या टोपणनावाने ते तिथे सल्ले देत होते, त्याच नावाने आत शिरले. सतरा वर्षांच्या एका मुलीने नुकतंच विचारलं होतं की, मनगट फार दुखतं, थोडे दिवस वाजवणं बंद ठेवू का. मामांनी लिहिलं, "अजिबात बंद ठेवू नकोस. आता थांबलीस, तर सगळी मेहनत पाण्यात जाईल."